पायगुण

आमच्या घरात एक जुनं वर्कस्टेशन आहे. घरातले सगळे त्याला 'थोरले' म्हणतात. एका संशोधन संस्थेनं भंगाराचा लिलाव काढला होता, त्यात मी ते घेतलं. मी आणि रिक्षावाला दोन्ही बाजूंनी धरून ते धूड जिन्यावरून चढवत होतो, तेव्हा हिनं दारातूनच विचारलं, "हे आता कायमचेच का?" माझे एक थोरले काका असेच एका पावसाळ्यात चार दिवसांसाठी आले होते आणि अकरा वर्षं राहिले होते. त्यांच्यानंतर रिकामा झालेला कोपरा या यंत्राला मिळाला आणि नावही त्यांचंच मिळालं.

थोरल्यांचं वजन २२ किलो. पोटात दोन प्रोसेसर, रॅमच्या आठ पट्ट्या, आणि झाकण काढलं की आत एखाद्या सरकारी कचेरीसारखी ऐसपैस जागा. माझ्या मोबाइलमध्ये याहून जास्त ताकद असेल, असं भाचा म्हणतो. असेलही. पण मोबाइलचं झाकण काढून आत हात घालता येत नाही, आणि निवृत्तीनंतर माणसाला हात घालायला काहीतरी लागतं. मी जुने दिवाळी अंक आणि वडिलांच्या वेळची कागदपत्रं स्कॅन करतो. आमची परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती, त्यामुळे वडिलांचे निम्मे कागद उर्दूत आहेत आणि उरलेल्यातले काही मोडीत. मला धड दोन्ही वाचता येत नाहीत, पण डाग पुसता येतात. सकाळी स्कॅनिंग करायचं, दुपारी जेवण झालं की दोन-तीनशे पानं थोरल्यांच्या हवाली करायची आणि आपण आडवं व्हायचं. ते दळत बसतात.

आम्ही राहतो तारनाक्याला. तारेच्या कुंपणापाशी असलेला नाका म्हणून तारनाका, असं इथले जुने लोक सांगतात. तारही आपली, नाकाही आपला. त्यामुळे उस्मानिया विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा घरी पत्ता कळवताना परगावी आल्यासारखं वाटलंच नव्हतं. वस्ती शास्त्रज्ञांची. एकीकडे विद्यापीठ, जवळच राष्ट्रीय पोषण संस्था, उप्पल रस्त्याला रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, थोडं पुढे हब्सीगुड्याकडे पेशींवर काम करणारी सीसीएमबी आणि भूकंप मोजणारी एनजीआरआय. भाजीच्या गाडीपाशी उभं राहिलं तर पुढचा गृहस्थ पालकातलं लोह सांगतो आणि मागचा जमिनीखालच्या खडकाचं वय. अशा वस्तीत यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारा चटकन मिळत नाही. सिद्धान्त मात्र हवे तेवढे मिळतात.

तर झालं असं, की थोरल्यांच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा घरघरायला लागला. भाच्यानं पुण्याहून फोनवर निकाल दिला, "मामा, कार्ड बदला." मग मी तारनाक्याहून मेट्रोनं पॅराडाइजला उतरून पार्क लेनला गेलो. तिथं चिनॉय ट्रेड सेंटर नावाची इमारत आहे, सगळं शहर तिला सीटीसी म्हणतं. संगणकाचा जो भाग जगात कुठं मिळत नाही तो तिथल्या कुठल्यातरी गाळ्यात, दुसऱ्या कुठल्यातरी भागाच्या खाली दबलेला मिळतो. एका दुकानदारानं मला हवं तसं एक वापरलेलं कार्ड काढून दिलं. मी विचारलं, हे कधीचं? तो म्हणाला, "परसोंईच आया, साब."

हैदराबादेत नव्यानं आलेल्या माणसासाठी सांगतो. इथल्या बोलीत 'परसों' म्हणजे परवा नव्हे. कालच्या पलीकडचं सगळं परसों. मुलगा परसों झाला म्हणतात आणि तो मुलगा दहावीला बसलेला असतो. मला हे ठाऊक होतं, तरी 'परसोंईच' मधल्या त्या 'ईच'वर विश्वास ठेवून मी पैसे दिले.

पाडव्याचा मुहूर्त साधला. खाली अन्नगारूंच्या दाराला उगादीचं आंब्याच्या पानांचं तोरण, वर आमची गुढी, आणि मधल्या खोलीत जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर आडवे झोपवलेले थोरले. झाकण काढलं तर आत वर्षानुवर्षांची धूळ. मग मी सणाच्या उत्साहात सगळंच काढलं. ब्लोअर मारला, रंगाच्या ब्रशनं कोपरे झाडले, पुसण्यासारखं ते पुसलं, धुण्यासारखं ते धुतलं. तोवर पुरणपोळ्या तयार झाल्या. जेवलो, कलंडलो, साडेचारला उठलो, कार्ड बसवलं, केबली खोचल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. थोरले पहिल्या हाकेला उठले. घरघर नाही, तक्रार नाही. हिनं त्यांच्यावरही हळदकुंकू वाहिलं.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी दुपारी मी पडलो होतो, आणि खोलीतला आवाज एकदम थांबला. पडदा काळा झाला होता. मग थोरले आपले आपणच पुन्हा सुरू झाले, जणू काही झालंच नाही. पण स्कॅन केलेली ११० पानं गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी निळा पडदा. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी दोनदा. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळा मजकूर. एखादा माणूस रोज नव्या दुखण्याचं नाव सांगायला लागला की डॉक्टर त्याच्या नाडीऐवजी चेहऱ्याकडे बघायला लागतात, तसं मी थोरल्यांकडे बघायला लागलो.

याच सुमारास हिच्या बहिणीचा नांदेडहून फोन आला. ही सांगत होती, "काय सांगू, रोजचीच काळजी. थोरले काल दुपारी पुन्हा गेले." पलीकडे सगळं शांत झालं. मग मेव्हणीचा कापरा आवाज मला लांबूनसुद्धा ऐकू आला, "अगंबाई! आणि पुन्हा म्हणजे?"

हिचं निदान सरळ होतं. "नव्या कार्डाचा पायगुण." मी वरकरणी हसलो. शास्त्राच्या माणसाला पायगुण मान्य करून चालत नाही. त्याला तीच गोष्ट इंग्रजीत म्हणावी लागते. कार्ड आलं आणि दुखणं सुरू झालं, मग दोष कार्डाचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हणून कावळ्यावर फिर्याद करू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगतात. पण ज्याच्या डोक्यावर फांदी पडलेली असते तो आधी कावळाच शोधतो.

मी कावळा हाकलला. नवं कार्ड काढलं, जुनं घरघरं परत लावलं. तीन दिवस थोरले ठणठणीत! त्या तीन दिवसांत हैदराबादेत आभाळ आलं होतं आणि दोन संध्याकाळी गारांचा पाऊस झाला होता, पण आभाळाचा कार्डाशी काय संबंध? मी विजयी मुद्रेनं सीटीसीत जाऊन कार्ड परत केलं. दुकानदार म्हणाला, "साब, इसमें कुछ भी नै है. आपका दिल नै भरा तो वापस ले लेता मैं, मगर कार्ड को बदनाम नक्को करो." दोनशे रुपये कापून बाकीचे दिले. मी घरी आलो, पाऊस संपला, ऊन पडलं, आणि दुसऱ्याच दुपारी थोरले पुन्हा गेले. जुन्या कार्डासकट.

इथं खरं तर मला थांबून विचार करायला हवा होता. कावळा उडाल्यावरही फांदी तुटतच राहिली होती. पण तोवर मी नव्या कावळ्याच्या मागे लागलो होतो.

या वेळी संशय रॅमवर. रॅमची पट्टी बिघडल्यासारखी वाटली की आपल्याकडे एक उपाय हमखास करतात: ती काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासायचे. मीही आठ पट्ट्या घासल्या. गेलेली स्मृती परत आणायला खोडरबर वापरतात, हे मला त्या दिवशी प्रथमच विचित्र वाटलं. पण रॅमचा एकूण प्रकारच मजेशीर आहे. आपण समजतो, एकदा ठेवलं की राहिलं. तसं नसतं. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा भांड्यात साठवलेला विजेचा थेंब, आणि ते भांडं गळकं. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडं पुन्हा वाचून पुन्हा भरावं लागतं. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा सगळा धडा पहिल्यापासून! आमच्या शाळेत गुरुजी वर्गाबाहेर गेले तरी पाढे थांबू द्यायचे नाहीत, थांबले की मुलं विसरतात, हे त्यांना माहीत होतं. रॅम ही तीच शाळा. आणि उष्णता वाढली की गळती वाढते. साधारण ८५ अंशांच्या वर पट्टी तापली तर हीच घोकंपट्टी दुप्पट वेगानं, ३२ मिलिसेकंदांत करावी लागते. हे सगळं मी त्या दिवशी वाचलं, टिपून ठेवलं, हिला वाचूनही दाखवलं. उत्तर त्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

रॅम तपासण्याचा एक कार्यक्रम असतो. तो पट्टीच्या प्रत्येक घरात आकडे भरतो आणि परत वाचून बघतो. तो रात्री लावला, कारण दिवसा मला काम करायचं होतं. झाकण उघडं ठेवलं, कारण एखादी पट्टी दोषी निघाली तर लगेच काढता यावी. वर पंखा चालू. सकाळपर्यंत चूक शून्य. मी निराश झालो. आपलं माणूस आजारी नाही असा अहवाल आल्यावर निराश होणारा नातेवाईक जगात फक्त संगणकवाल्यांत सापडेल.

मग एका तंत्रज्ञाला घरी बोलावलं. त्यानं झाकण काढलं, आत बॅटरी मारली, स्क्रू आवळले आणि थोरल्यांना कामाला लावून समोर बसला. दोन तास बसला. दोन चहा झाले, उस्मानिया बिस्किटं झाली, मुलाच्या कॉलेजची फी झाली. थोरले आदर्श वागले. तो म्हणाला, "बुढ्ढा है साब, मगर सॉलिड है," आणि पाचशे रुपये घेऊन गेला. मी झाकण लावलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाली फार, उघडं ठेवून चालत नाही. चाळीस मिनिटांनी थोरले गेले. डॉक्टरच्या खोलीत न येणारा खोकला जिन्यावर येतो, तसं.

खालच्या मजल्यावरचे अन्नगारू रेल्वेच्या विद्युत खात्यातून निवृत्त झालेले. ते मीटर घेऊन वर आले. यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी लागते, आमची १२.१ निघाली. त्यांना ते आवडलं नाही. मग त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर घातलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अर्थिंग लेदंडी!" अर्थिंगच नाही! दोघं मिळून इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेलो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, हे खरंच आहे. म्हणून त्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि पाणी ओततात. आम्ही चार बादल्या ओतल्या. पाण्याचा टँकर मागवावा लागतो अशा दिवसांत चार बादल्या! सोसायटीच्या सेक्रेटरीबाई गॅलरीतून बघत होत्या. आम्ही दोघं म्हातारे भर दुपारी भिंतीच्या कडेला जमिनीला पाणी घालतोय, यावर त्यांनी काय अर्थ काढला कोण जाणे, पण संध्याकाळी त्यांनी हिला हळूच विचारलं, "कुछ शांती वगैरा कराए क्या?"

अर्थिंग सुधारलं. थोरले नाही सुधारले.

अन्नगारूंची पुढची शंका मेट्रोवर. २०१७च्या नोव्हेंबरात आमच्या डोक्यावरून निळी मार्गिका सुरू झाली. तिच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. गाडी निघताना झटका बसत असेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी नावच तारनाका! मी वही केली. एका रकान्यात थोरल्यांच्या जाण्याची वेळ, दुसऱ्यात त्याआधीच्या गाडीची. आठवड्यानं पाहिलं तर काय, दर वेळी थोरले जाण्याच्या चार-पाच मिनिटं आधी एक गाडी गेलेली! अन्नगारूंनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. रात्री अंथरुणात माझ्या लक्षात आलं, की गाड्या दर काही मिनिटांनी असतातच. मी दूध उतू जाण्याच्या वेळा लिहिल्या असत्या तरी आधी एक गाडी निघालीच असती.

भाची आली होती सुट्टीला. ती पदार्थविज्ञानाची. तिनं मेट्रोला हात लावला नाही, थेट आकाशाला हात घातला. "मामा, वैश्विक किरण!" अंतराळातून आलेला एखादा कण चिपमधल्या एका बिटावर आदळतो आणि शून्याचा एक होतो. हे थट्टेनं नव्हे. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या शारबेक भागात मतदानयंत्रावर एका उमेदवाराला शक्यच नव्हती इतकी मतं पडली. नेमकी ४०९६ जास्त. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटला की बरोबर तेवढाच फरक पडतो. चौकशीत दुसरं काही सापडलं नाही, तेव्हा संशय या किरणांवर गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९७८ साली इंटेलच्या दोन संशोधकांनी मेमरी चिपांमधल्या अशाच गूढ चुकांचा छडा लावला. तिथं आकाश निर्दोष निघालं. चिप ज्या चिनीमातीच्या खोळीत बसवत, तिच्यातच किंचित किरणोत्सारी द्रव्य होतं. खोळी करणारा कारखाना ज्या नदीचं पाणी वापरत होता, तिच्या वरच्या अंगाला युरेनियमचा जुना कारखाना होता. चिप चुकतेय आणि गुन्हेगार नदीत! मला ही गोष्ट इतकी आवडली की दोन दिवस मी थोरल्यांना विसरलो.

पण आमच्या बाबतीत आकाश काही पटेना. इथून पुढे ईसीआयएलच्या बाजूला टीआयएफआर या संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र आहे. तिथून मोठमोठे फुगे उपकरणं घेऊन वातावरणाच्या वरच्या थरांत जातात. त्यासाठी हैदराबाद सोयीचं, याचं एक कारण असं की विषुववृत्ताकडच्या भागात पृथ्वीचं चुंबकत्व पुष्कळशा वैश्विक किरणांना बाहेरच्या बाहेर परतवतं आणि मोजमापात त्यांचा गोंगाट कमी होतो. म्हणजे या किरणांपासून लपायचंच तर हैदराबाद फार वाईट जागा नाही. शिवाय दुपारी दोन ते साडेचार एवढीच कचेरीची वेळ पाळणारे किरण कुठले?

ईसीआयएलवरून आठवलं. १९६७ साली निघालेल्या या कंपनीनं आपल्या देशातले सुरुवातीचे संगणक विकायला बनवले. १९६९चा टीडीसी-१२ हा त्यांतला पहिला. ए. एस. राव यांच्या त्या कंपनीभोवती नंतर अख्खी नगरं वसली, त्यातल्या एका नगराला त्यांचंच नाव आहे. आमच्या उमेदीत संगणक बघायला जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. आत गारेगार. बाहेर मे महिना, आम्ही घामानं निथळत डोक्यावरच्या पंख्याकडे बघत आकडेमोड करायचो, आणि काचेपलीकडे ते यंत्र वातानुकूलित खोलीत एकटं बसलेलं असायचं. दुपारी काही मंडळी मुद्दाम कामं काढून तिथं जात. एसी यंत्रासाठी आहे, माणसांसाठी नाही, अशी पाटी नव्हती, पण तसं सगळ्यांना माहीत होतं. हे मी भाचीला चांगलं रंगवून सांगितलं. म्हणजे उत्तर माझ्या तोंडून दुसऱ्यांदा निघून गेलं आणि तरी मला ऐकू आलं नाही.

शेवटी भाचीनंच थोरल्यांची रोजनिशी शोधून काढली. अशा यंत्रांच्या बायॉसमध्ये एक नोंदवही असते आणि ती कोणी वाचत नाही. थोरल्यांची रॅम साधी नव्हे, चुका दुरुस्त करणारी आहे. तिच्यात दर ६४ बिटांमागे ८ बिट राखणदार म्हणून ठेवलेले असतात. एक बिट बिघडला तर राखणदार तो कुठला ते ओळखून दुरुस्त करतात; दोन बिघडले तर बिघडलेत एवढंच कळतं, कुठले ते कळत नाही. ही युक्ती बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगची, १९५०ची. तो शनिवार-रविवार यंत्राला काम लावून घरी जायचा आणि सोमवारी बघायचा तर चूक सापडली म्हणून यंत्रानं काम अर्धवट टाकलेलं. चूक झाली हे याला कळतं तर ती कुठं झाली हे का कळू नये, या वैतागातून गणिताची एक शाखा निघाली. माझ्या वैतागातून चार बादल्या पाणी निघालं.

तर नोंदवहीत ओळीनं लिहिलं होतं: दुरुस्त केली, दुरुस्त केली, दुरुस्त केली, आणि मग: दुरुस्त होत नाही, थांबतो. पडद्यावरचा निळा मजकूर बदलत होता, ही ओळ बदलत नव्हती. चुकीचं उत्तर पुढे सरकवण्यापेक्षा थोरले थांबत होते. इतके दिवस मी ज्याला त्यांचं जाणं म्हणत होतो तो त्यांचा नकार होता. मला जरा शरमल्यासारखं झालं. पण नोंदी एका पट्टीच्या नव्हत्या. कधी दुसरी, कधी पाचवी, कधी सातवी. आठातल्या पाच पट्ट्या एकाच महिन्यात कशा बिघडतील? भाची म्हणाली, "सगळ्यांना एकच काहीतरी होतंय." आणि तिची गाडी होती म्हणून ती गेली.

मी थोरल्यांसमोर जमिनीवर बसून होतो. ही शेजारी कांदे निवडत होती. लोणच्याचे दिवस, घरभर मोहरीचा वास. ती आपल्याच नादात म्हणाली, "यंदा मे लागला तरी एक कांदा सडला नाही हो. बाहेरच्या टोपलीतले मऊ पडतात. पण ह्या काळीत हवा कशी, या तोंडानं शिरते आणि कांद्यांमधून त्या तोंडानं बाहेर."

"कुठल्या काळीत?"

"ही काय. तुम्ही पाडव्याला धुऊन गॅलरीत वाळत घातली होती ना. आठवडाभर तिथंच होती. म्हटलं टाकायचीय, मग घेतली."

मी ती टोपली हातात घेतली. कांदे ओतून दिले. काळं, जाड प्लास्टिक. पन्हळीसारखा आकार, दोन्ही तोंडं मोकळी. सालपटं झटकल्यावर एका बाजूला प्लास्टिकमध्येच उठवलेला बाण दिसला आणि बाणाशेजारी पंख्याचं चित्र.

रॅमच्या आठ पट्ट्यांवर ते झाकणासारखं बसतं. मागचा पंखा हवा ओढतो, आणि ही पन्हळ ती हवा पट्ट्यांच्या मधून जायला लावते. पन्हळ नसली तर हवा मोकळ्या जागेतून वळसा घालून निघून जाते आणि पट्ट्या जागच्या जागी शिजतात. झाकण उघडं असलं की डोक्यावरचा पंखा निभावून नेतो. आभाळ आलं की निभतं. रात्री निभतं. तंत्रज्ञ समोर बसला की निभतं.

म्हणजे हिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दोष त्याच दिवशी घरात आला होता, फक्त तो कार्डाच्या पायानं आला नव्हता. मी त्या दिवशी काय बदललं असं कुणीही विचारलं की सांगायचो, कार्ड. एकच गोष्ट. कारण कार्डाची पावती होती, पैसे गेले होते, मेट्रोचं तिकीट होतं. जे बाजूला काढून ठेवलं त्याची पावती कुणी देत नाही. आणि जुनं कार्ड परत लावलं तेव्हा मी समजलो की पाडव्याच्या आदल्या दिवशी जाऊन पोचलो. प्रत्यक्षात कार्ड तेवढं पोचलं होतं, घर नव्हतं पोचलं. मला असं वाटतं, की घरात सून आल्यावर भांडी वाजायला लागतात त्याचं कारणही बरेचदा असलंच काही असेल. तिला जागा करताना कुणीतरी काहीतरी उचलून ठेवलेलं असतं. पण हे मी हिच्यापुढे बोललो नाही. आमच्या लग्नानंतर माझ्या आईनं देवघर हलवलं होतं, तो विषय निघाला असता.

पन्हळ साबणानं धुतली, या वेळी वाळेपर्यंत हातातच धरून उभा राहिलो, आणि बसवली. खटकन बसली. पहिले दोन दिवस थोरले तापले की खोलीत फोडणी दिल्यासारखा वास यायचा. नोंदवहीत त्यानंतर एकही ओळ नाही, आणि हे ४२ अंशांच्या आठवड्यात.

मग सीटीसीत गेलो. दुकानदाराला सगळं सांगितलं, माझीच चूक होती म्हणालो, ते कार्ड परत द्या. त्यानं मान हलवली. "वो तो परसोंईच बिक गया, साब." मग खालच्या फळीवरून दुसरं काढलं, फुंकर मारली, एका खोक्यात घातलं आणि चारशे रुपये जास्त मागितले. मी दिले. कधी आलं, हे विचारलं नाही.

ते एका मंगळवारी, मुहूर्त न बघता बसवलं. काढलेली प्रत्येक वस्तू कागदावर लिहून, कागद झाकणाला चिकटवून. कार्ड व्यवस्थित चालतंय. त्याचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं मी कांद्यांसाठी दिलं. पहिल्या आठवड्यात चार सडले.